कबुली आहे, पश्चात्ताप नाही

१९६८ च्या नाताळाला मुंबईहून बोटीने मालवण बंदरात उतरलेल्या चाकरमान्यांनी खाऊच्या पिशव्यांबरोबर एक नावही गावी आणले होते: रामन राघव. झोपड्यांत, पदपथांवर निजलेल्यांची डोकी ठेचणारा. तो तेव्हा गजांआड होता. तरीही आम्ही मुलांनी पडवीत निजणे सोडले. त्यामुळे अनुराग कश्यप यांचा 'रामन राघव २.०' (२०१६) हा हिंदी चित्रपट आम्हांला केवळ करमणूक म्हणून पाहता आला नाही.

ही त्या खुन्याची कथा नव्हे, असे चित्रपट आरंभीच बजावतो. काळ आजचा आहे. रामण्णा (नवाझुद्दीन सिद्दीकी) स्वतःहून पोलिसांपुढे येतो आणि नऊ खून केल्याचे सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही. उलट त्याच्या मागावरचा अधिकारी राघवन (विकी कौशल) नशेच्या आहारी गेलेला आहे, त्याचेही हात रक्ताने माखलेले आहेत. पण तो ते कधीच बोलत नाही. शिकारी आणि सावज एकाच जिवाचे दोन तुकडे, हा दिग्दर्शकाचा सिद्धांत. शेवटी राघवनच्या अपराधाचा भारही रामण्णा आपल्या शिरावर घेऊ पाहतो.

सिद्धांत आकर्षक आहे, पण आम्हांला तो पटत नाही. आपण धर्माच्या किंवा वर्दीच्या आडून मारीत नाही, ही रामण्णाची फुशारकी चित्रपटाने प्रामाणिकपणा म्हणून स्वीकारली आहे. पश्चात्तापाचा लवलेश नसलेली कबुली ही बढाईच असते, हे ओळखायला काही फार मोठे धर्मज्ञान लागत नाही.

प्रत्यक्षातला शोध किती साधा होता! छायाचित्र आणि वर्णन ध्यानात ठेवून उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी २७ ऑगस्ट १९६८ रोजी त्याला हेरले. तपासाचे सूत्रधार होते रमाकांत कुलकर्णी. आरोपीने पुढे ४१ खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पण उच्च न्यायालयापुढे प्रश्न उभा राहिला, की आपण केले ते पाप आहे याची जाण या माणसाला आहे काय? मानसोपचारतज्ज्ञांनी तो बरा न होणारा मनोरुग्ण असल्याचे सांगितले. १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात वारला. या प्रश्नाइतके नाट्य कश्यपांच्या साऱ्या झगमगाटात नाही. श्रीराम राघवन यांच्या १९९१ च्या लघुपटात रघुवीर यादव यांनी त्या बिघडलेल्या मनाच्या अधिक जवळ नेले होते, असे आमचे मत आहे.

एका प्रकरणापुढे मात्र आम्ही नमलो. रामण्णा कित्येक वर्षांनी बहिणीच्या घरी जातो. बहीण झाली आहे आपली अमृता सुभाष. भावाशी बोलताना तिच्या चेहऱ्यावर जुने भय आणि नवे भय एकमेकांत मिसळत जाते. घरात नवरा आहे, लहान मूल आहे. एवढा वेळ मेलेली माणसे केवळ कथेच्या सोयीसाठी मरत होती. येथे प्रथमच मरणाऱ्याला संसार मिळतो, स्वयंपाकघर मिळते. हत्यार फारसे न दाखवताही हा प्रसंग अंगावर येतो. दिग्दर्शकाला हे साधते, मग इतरांच्या वाट्याला नुसता अंधार का आला?

चित्रपट प्रौढांसाठीच आहे. घरातल्या मुलांसमोर लावू नये.