भिंतीवरचीं शिंगें

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यानें देहूरोडवरून जाणाऱ्याला तेथें कलाविचाराचा कांहीं विषय निघेल असें सहसा वाटत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत उभीं राहिलेलीं लष्करी भांडारें, छावणीचा बाजार, रेल्वेचें लहानसें स्टेशन आणि पलीकडे घोरवडेश्वराच्या लेण्यांचा डोंगर, एवढेंच काय तें डोळ्यांत भरतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत तेथील एका स्नेह्यांनीं आम्हांस मुद्दाम बोलावून घेतलें व एक जुना पेटारा उघडून दाखविला. त्यांचे आजोबा संस्थानी नोकरींत होते. पेटाऱ्यांत एक बिबळ्याचें कातडें, फळीवर ठोकलेलीं काळविटाचीं दोन पीळदार शिंगें, म्हशीच्या शिंगाची, पितळी टोपणाची एक बारूददाणी आणि वाघाच्या शिकारीचें चौकटींत बसविलेलें एक विलायती छापील चित्र, अशा चार वस्तू होत्या. वडील नुकतेच निवर्तल्यामुळें त्या आतां आमच्या स्नेह्यांच्या वांट्याला आल्या होत्या. "यांतलें ठेवावें काय आणि टाकावें काय, तें तुम्ही सांगा," असें ते म्हणाले. घरांतल्या मंडळींचा कौल आधींच पडला होता. कातडें दिवाणखान्यांत लावावें, शिंगें दारावर ठोकावीं, चित्र जिन्यांत टांगावें, आणि ती काळवंडलेली शिंगाची नळी मोडींत द्यावी.

आमचा कौल याच्या नेमका उलट पडला. तो कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

कायद्याची बाब आधीं उरकून टाकूं. १९७२ सालीं आपल्या देशांत दोन कायदे झाले. एक वन्य जीवांच्या संरक्षणाचा, दुसरा पुरावस्तु व कलासंपत्ति यांच्या जतनाचा. दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीनें शंभर वर्षांची जुनी कलावस्तु ही राष्ट्राचा ठेवा होय. पहिल्याच्या दृष्टीनें बिबळ्याचें कातडें, मग तें कितीही जुनें असो, संरक्षित प्राण्याचा अवशेष होय. तें विकतां येत नाहीं; मालकीचा दाखला असेल तर बाळगतां येतें; आणि वारसानें तें हातीं आल्यास नव्वद दिवसांच्या आंत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तसें निवेदन करावें लागतें. स्नेह्यांच्या वडिलांच्या नांवचा दाखला पेटाऱ्याच्या तळाशीं सांपडला, पण नव्वदांपैकीं साठांहून अधिक दिवस निघून गेले होते. जुन्या वस्तूंचा नाद असणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना ही गोष्ट ठाऊक नसते, म्हणून ती येथें नमूद केली. परंतु कायदा एकादी वस्तु बाळगावी कीं नाहीं एवढेंच सांगतो. ती पाहण्याजोगी आहे कीं नाहीं, हें त्याच्या कक्षेंतलें नव्हे.

शिकारीच्या संग्रहांत दोन निरनिराळ्या जातींच्या वस्तू एकत्र नांदतात, आणि सगळा घोटाळा तेथेंच होतो. एक जात शिकारीच्या निशाण्यांची: मुंडकीं, शिंगें, नखें, कातडीं. दुसरी जात शिकारीच्या निमित्तानें माणसाच्या हातून घडलेल्या वस्तूंची: चित्रें, शिल्पें, नक्षीकाम. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत पेंढा भरलेले वाघ-बिबळे पाहतांना प्रेक्षकांची केवढी गर्दी होते, हें आम्ही पाहिलें आहे. या वस्तूंमागें कसब नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यांत, जो १९९९ सालीं बंद पडला, कागदाच्या लगद्याच्या सांच्यांवर कातडें चढविण्याची विद्या फार पुढें गेली होती. पण त्या वाघांकडे नीट पहा. बहुतेकांचा जबडा उघडा, ओठ वर ओढलेले, डोळे वटारलेले. वाघ आयुष्यांतला बहुतेक काळ असा दिसत नाहीं. तो झोंपतो, पाणी पितो, गवतांतून निमूटपणें चालतो. हा जबडा वाघाचा नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या इच्छेचा आहे. मारलेला प्राणी भयंकर होता असें पाहुण्यांना वाटलें पाहिजे, म्हणून त्याला मेल्यावर गुरगुरावयास लावलें आहे. कारागिरानें जनावराकडे पाहण्याऐवजीं मालकाच्या तोंडाकडे पाहिलें कीं असें होतें.

आतां ती मोडींत निघालेली नळी घ्या. तोडेदार बंदुकीच्या काळीं शिकाऱ्याच्या कमरेला दारूचें असें पात्र असे. मोगल कारागिरांनीं सतराव्या शतकांत हस्तिदंताच्या ज्या बारूददाण्या घडविल्या, त्यांत हरणें, हत्ती, सिंह, पक्षी एकमेकांच्या अंगांतून उगवल्यासारखे गुंफलेले दिसतात व नळीचें टोंक बहुधा हरणाच्या मुखांत संपतें. स्नेह्यांच्या घरची वस्तु त्या तोलाची नाहीं; कोणा आडगांवच्या हातानें केलेलें तें काम आहे. परंतु तिच्या निमुळत्या टोंकाशीं कोरलेलें हरिण मान वळवून मागें पाहत आहे. कान मागें पडलेले, पुढचा एक पाय किंचित उचललेला. पळूं कीं थांबूं, अशा क्षणीं तें पकडलें आहे. हा क्षण ज्यानें कोरला त्यानें हरिण पुष्कळदां पाहिलें असलें पाहिजे, आणि तेंही जिवंत.

जहांगीर बादशहाची गोष्ट या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यानें आपल्या रोजनिशींत हिशेब मांडून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरें पडलीं, व त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतः मारलीं. त्याच बादशहाच्या पदरीं उस्ताद मन्सूर होता, ज्यानें पशुपक्ष्यांचीं चित्रें अशीं काढलीं कीं पिसांची आणि केसांची दिशासुद्धां चुकलेली नाहीं. आणि त्याच बादशहानें शेखपुऱ्यास आपल्या मनसराज नांवाच्या आवडत्या काळविटाचें थडगें बांधून त्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसविला व त्या माळावर हरणांची शिकार मना केली. आंकडा, चित्र आणि थडगें हीं तिन्हीं एकाच माणसाचीं. आंकड्याचें आज कोणास कौतुक वाटावें असें कांहीं नाहीं. चित्रें मात्र अजून माणसांना खेंचून घेतात.

कोटा संस्थानांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, विशेषतः महाराव उमेदसिंगाच्या (१७७१–१८१९) अमदानींत, शिकारीचीं जीं चित्रें झालीं त्यांत तर राजा कित्येकदां शोधावा लागतो. सगळा कागद रानानें भरलेला; खडक, वेली, ओढा, आणि त्या गर्दींतून वाघ बाहेर येत आहे. चित्रकाराला काम राजाच्या स्तुतीचें मिळालें होतें. त्यानें तें केलेंही, पण मन अरण्यांत ठेवून केलें. याच्या उलट आमच्या स्नेह्यांच्या चौकटींतलें चित्र. विल्यमसन व हॉविट यांच्या १८०७ सालच्या, हिंदुस्थानांतल्या शिकारीवरील, प्रसिद्ध ग्रंथांत चाळीस चित्रें आहेत. विल्यमसननें येथें राहून केलेल्या कच्च्या रेखाटनांवरून हॉविटनें तीं सिद्ध केलीं. त्याच धर्तीची ही उत्तरकालीन नक्कल आहे. रंग स्वच्छ, मांडणी सफाईदार, हत्तीही ठाकठीक. परंतु वाघ पिंजऱ्यांतला, आणि हांक्याचे लोक म्हणजे नुसते पागोट्यांचे ठिपके. इतिहासाचा एक पुरावा म्हणून तें ठेवावें, जिन्यांत टांगावयासही हरकत नाहीं. त्याची किंमत मात्र चौकटीवरून करूं नये.

आपल्या महाराष्ट्रांत या विषयाचें सर्वांत थोर चित्र कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही त्यास अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत नेऊं. तेथें षड्दंत जातकाची कथा रंगविलेली आहे. पूर्वजन्मीं हत्तिणी असलेली एक राणी, मनांत मत्सर धरून, आपल्या त्या जन्मींच्या पतीचे म्हणजे सहा सुळ्यांच्या गजराजाचे सुळे मागते. शिकारी भिक्षूचें वस्त्र पांघरून रानांत जातो. त्या वस्त्राचा मान राखून हत्ती त्याला मारीत नाहीं, उलट सुळे कापावयास साहाय्य करतो. सुळे राजवाड्यांत येतात, आणि ज्या राणीनें ते मागितले तिला ते पाहून मूर्च्छा येते. शिकारीची निशाणी घरांत आली तो हा क्षण चित्रकारानें इसवी सनापूर्वीं रंगवून ठेवला आहे! त्याच भिंतीवर हत्तींचा कळप रानांत विहरतांना दाखविला असून त्यांच्या अवजड देहांतली खेळकर चपळाई पाहिली म्हणजे सुळे कशांतून कापले गेले हें वेगळें सांगावें लागत नाहीं. आणि योगायोग पहा. २८ एप्रिल १८१९ रोजीं शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं, तेव्हां याच दहाव्या लेण्यांत त्यानें आपलें नांव व तारीख खांबावरील चित्रावर कोरून ठेविली. वाघ मिळाला नाहीं तरी भिंतीवर निशाणी लावण्याची संवय सुटली नाहीं, असें म्हणावयाचा मोह आम्हांस होतो.

देहूरोडलाच, जेथें डॉ. आंबेडकरांनीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेथील विहारावरून त्या दिवशीं परततांना आम्ही ही कथा स्नेह्यांना सांगितली. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे आजोबांनीं वाईट केलें, असेंच ना?" तसें आमचें म्हणणें नव्हतें. शिकारखाना हा शिवकालीन अठरा कारखान्यांपैकीं एक; त्या काळच्या माणसास आजच्या तराजूंत घालण्याची घाई आम्हांस नाहीं. सातारच्या शाहू महाराजांना शिकारीचा शोक होता. त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्यानें वाघापासून त्यांना वांचविलें, अशी परंपरा आहे, आणि संगम माहुलीस कृष्णाकांठीं त्या इमानी जनावराची समाधि अद्याप दाखवितात. दगडाचें तें कुत्रें शिल्पदृष्ट्या सामान्यच आहे. तरी दहा मुंडक्यांच्या दालनापेक्षां आम्ही तेथें अधिक वेळ रेंगाळलों. कारण तेथें जनावराला नांव आहे.

नांवाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. कोल्हापूर दरबारच्या चित्त्यांच्या शिकारीचा बोलबाला मोठा. काळविटामागें सुटणारा चित्ता, त्याच्या डोळ्यांवरची टोपी, त्याची गाडी, हें सारें छायाचित्रांत पाहावयास सांपडतें. परंतु चित्ता रानांतून धरून आणणें, त्याला माणसाळविणें, ही विद्या पारध्यांची. सांबराचा मार्ग ओळखणारे, हांका घालणारे, मचाण बांधणारेही तेच किंवा त्यांच्यासारखे. घोड्याच्या केसांचे वा तांतीचे फांस, शिकवून तयार केलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ जाण्याची युक्ति, हीं त्यांचीं साधनें बंदुकीपेक्षां बुद्धीचीं. १८७१ पासून सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढें पारध्यांनाही लागू झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत तो शिक्का उतरला नाहीं. हिंदुस्थानांतला चित्ताही त्याच १९५२ सालीं नामशेष म्हणून जाहीर झाला. पुण्यांत दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरांतलीं भांडीं यांचा जन्मभर संग्रह करून १९७५ सालीं तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, तेव्हां नित्याच्या वापरांतल्या वस्तूलाही दालन असूं शकतें हें आपल्याला कळलें. शिकारीच्या संग्राहकांनीं हा धडा अजून घेतलेला नाहीं. संस्थानिकांची बंदूक कांचेंत असते, तिच्या दस्त्यावरील चांदीचें वर्णनही असतें. पण पारध्याचा फांस आम्ही पाहिलेल्या एकाही शिकारदालनांत आम्हांस आढळला नाहीं. हा कलेचा प्रश्न नव्हे असें कोणी म्हणेल. केसांचे फांस एका दोरीवर ठराविक अंतरानें, ठराविक पिळानें बसविणाऱ्या हाताला कारागीर म्हणावयाचें नसेल, तर चांदी ठोकणाऱ्यालाच कां म्हणावें, हें आम्हांस समजत नाहीं.

स्नेह्यांना आम्ही इतकेंच सुचविलें कीं, कातड्याचें निवेदन विनाविलंब करावें व तें कडुनिंबाचा पाला घालून पेटाऱ्यांतच असूं द्यावें. शिंगांचीही नोंद त्याच दाखल्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि बारूददाणी चिंचेनें घांसूं नये, कारण घरच्या मंडळींनीं तिला लख्ख करण्याचा घाट घातला होता. पंधरा दिवसांनीं त्यांचें पत्र आलें. निवेदन मुदतींत पोंचलें. चित्र जिन्यांत लागलें. बारूददाणी दिवाणखान्यांतल्या कपाटांत आहे, आणि तिच्यावरचें हरिण कोणाकडे वळून पाहतें आहे याविषयीं त्यांच्या नातवंडांत रोज वाद चालतो.