अंगणातला थोरला

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील कथा आपल्याकडे ‘उधळ्या पुत्र’ या नावाने परिचित आहे. हे नाव मुळात नाही, मागाहून पडलेले आहे. आणि माझ्या मते त्याने निम्मी कथा झाकून टाकली आहे. धाकटा परत येतो, बाप धावत जाऊन त्यास मिठी मारतो, येथे आपण शिकविताना थांबतो. परंतु कथेचे निमित्त कोण होते? पापी जनांच्या पंक्तीस येशू बसतो म्हणून कुरकुरणारे परूशी व शास्त्री. तेव्हा तिचा रोख थोरल्याकडे आहे, हे उघड आहे.

धाकट्यास क्षमा मिळावयास वेळ लागत नाही. वाटेत जुळविलेले भाषण बाप त्यास पुरते करू देत नाही. मजुरांत जमा करण्याची विनंती त्याच्या ओठांतच राहते. झगा, अंगठी, जोडे येतात. पोसलेले वासरू कापले जाते.

थोरला शेतातून येतो, वाद्ये ऐकतो, चाकरास विचारतो आणि घरात पाऊल टाकण्याचे नाकारतो. त्याचा राग पोकळ नव्हे. मालमत्तेची वाटणी पूर्वीच झाली होती. उरले ते सर्व त्याचेच, असे बाप स्वतः सांगतो. मग ते वासरूही त्याच्याच वाट्यातले! दया बापाने करावी आणि खर्च थोरल्याने सोसावा, ही तक्रार हजेरीपट व गुणपत्रके सांभाळण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हां शिक्षकांस सहज पटते. प्रथम वाचनात मी त्याच्याच पक्षाचा होतो. अद्यापि पुरता फुटलेलो नाही.

ख्रिस्ती क्षमेची खरी अडचण ही आहे. ती अपराध्यास मोकळे करून थांबत नाही. जो चुकला नाही त्याच्याकडेही काही मागते. थोरला ‘भाऊ’ हा शब्द कटाक्षाने टाळतो, धाकट्यास तो केवळ बापाचा मुलगा म्हणतो. वेश्यांचा आरोपही त्याच्याच तोंडचा. निवेदनात नुसती उधळपट्टी आहे. बाप त्यास रागावत नाही. धाकट्यासाठी तो जसा सामोरा गेला तसाच थोरल्यासाठीही बाहेर येतो, आणि उत्तर देताना टाळलेला तो शब्द त्याच्यापुढे ठेवतो.

थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत तो गेला, असे बिनदिक्कत लिहिले होते. मुळात नाही म्हणून मी त्याचा अर्धा गुण कापला.