पंप म्हणावे की मोट?

हृदयाच्या स्नायूपेशीतला कॅल्शियम पंप तक्त्यांवर बहुधा एकाच पद्धतीने काढलेला असतो. पटलात एक लंबगोल, त्यात आरपार भोक आणि भोकातून जाणारा बाण. आमचा आक्षेप या भोकाला आहे.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीतल्या जाळीदार पिशवीतून कॅल्शियम पेशीद्रवात येते. स्नायू सैल व्हायचा तर ते पुन्हा पिशवीत भरावे लागते. सैल स्नायूत पिशवीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट दाट असते. आरपार भोक असते तर ते आत गेले नसते, उलट बाहेर वाहून आले असते. चित्र जे दाखवू पाहते तेच त्या चित्रात अशक्य आहे!

'पंप' हा शब्दही फसवा आहे. वसमत-कळमनुरीकडच्या मुलाला पंप म्हणजे हळदीला पाणी देणारी मोटर, म्हणजे बटण दाबले की सलग धार. हे प्रथिन मात्र मोटेसारखे चालते. मोट विहिरीत भरते तेव्हा तिचा थारोळ्याशी संबंध नसतो. वर येताना तिची सोंड वर ओढून धरलेली असते. ती थारोळ्यात रिकामी होते तेव्हा विहीर खाली दूर राहिलेली असते.

सशाच्या हातापायांसारख्या स्नायूंतील या प्रथिनाची बारीक रचना जपानच्या चिकाशी तोयोशिमा यांच्या गटाने 2000 साली प्रसिद्ध केली. हृदयातले प्रथिन याचेच सख्खे भावंड. पटलात मळसूत्री वळणाचे 10 दांडे आणि बाहेर पेशीद्रवात तीन गोळे, अशी ही रचना आहे. दांड्यांच्या मधोमध कॅल्शियमच्या दोन आयनांना बसायला दोन जागा असतात. त्या भरल्या की एटीपीचा एक फॉस्फेट गट एका गोळ्याला चिकटतो आणि वाट बंद होते. मग गोळे वळतात, दांडे सरकतात, पिशवीकडची वाट उघडते आणि आयनांवरची पकड सुटते. फॉस्फेट निघाला की प्रथिन पूर्ववत होते. कॅल्शियम नसतानाची रचना 2002 साली मिळाली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ही हालचाल किती मोठी आहे ते कळले.

मोटेची उपमाही पुरी नाही, हे वर्गात सांगायला हवे. मोट सगळीच्या सगळी वर येते. प्रथिन मात्र जागच्या जागी राहून आकार बदलते.

एवढा आग्रह कशासाठी? ठोका म्हणजे केवळ आकुंचन, असे मुले धरून चालतात. पण हृदय सैल झाले नाही तर त्यात रक्त भरणार कसे? दुबळ्या झालेल्या हृदयात या प्रथिनाचे काम अनेकदा मंदावलेले आढळते.

म्हणून फळ्यावर एकाऐवजी तीन चित्रे काढावीत : पेशीद्रवाकडे उघडे, दोन्हीकडून बंद, पिशवीकडे उघडे. मग विचारावे, दोन्ही दारे एकदम उघडली तर काय होईल? आणि मोट कशी चालायची, ते मुलांनी घरी आजोबांना विचारून यावे.