गाण्याचा सातबारा

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीत आखाजीला, ज्याने तापीकाठच्या एखाद्या गावी दुपार काढली असेल, त्याला समूहगान म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. सासरहून माहेरी आलेल्या लेकी, घरोघरी बसविलेली गौराई, निंबाच्या फांदीला टांगलेला झोका, आणि त्या झोक्याभोवती जमलेल्या मुलींच्या दोन फळ्या, ज्यांपैकी एकीने ओळ टाकायची आणि तिचा शेवटचा स्वर हवेत विरण्यापूर्वी दुसरीने ती उचलायची, असा तो क्रम उन्हे कलेपर्यंत चालतो. त्यात पुरुषाचा आवाज नसतो. वाद्य असलेच तर झोक्याच्या दोराची करकर. कोणी मुद्दाम शिकविलेले नसते, कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि तरीही चुलतीचे गाणे पुतणीच्या ओठी जसेच्या तसे येते.

परमुलुखात राहून आपली कला सांभाळणाऱ्यांच्या गौरवार्थ निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा माझ्यासारख्या नंदुरबारच्या एका निवृत्त महसुली कारकुनाने परदेशस्थांना काय सांगावे, हा प्रश्न मला पडला. आयुष्य कचेरीच्या दप्तरात गेले. संगीताचे शास्त्र मला अवगत नाही. परंतु सातबाराच्या उताऱ्याने मला एक गोष्ट शिकविली. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कोणाच्या नावे आहे याची नोंद असते, आणि बारा नंबरात त्या जमिनीवर यंदा प्रत्यक्ष कोणते पीक उभे आहे याची. सात पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहू शकतो. बारा मात्र दरसाल बांधावर उभे राहून नव्याने भरावा लागतो. कलेचेही असेच असावे, असे मला वाटू लागले आहे. गाणे कोणाच्या मालकीचे, हा वाद आपण फार घालतो. ते यंदा कोणाच्या कंठात उभे आहे, याची पीकपाहणी मात्र क्वचितच करतो.

अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींचे जे गायकवृंद असतात, त्यांच्याविषयी ऐकून मला या विचाराची विशेष आठवण झाली. या वृंदांत केवळ उच्च पट्टीचे आवाज घेतात. त्यांतील वरच्या आवाजांना सोप्रानो आणि खालच्यांना आल्टो अशी संज्ञा असून, दोहोंचे पुन्हा दोन दोन भाग पाडले म्हणजे चार स्वरधारा एकाच वेळी वाहू लागतात. वर्षभर तालीम करून वसंतातील सुटीत हे वृंद बसने गावोगावी हिंडतात, कोठे चर्चमध्ये तर कोठे शाळेच्या सभागृहात उभे राहतात, आणि एकाच संध्याकाळी लॅटिन स्तोत्रापासून आफ्रिकेच्या लोकगीतापर्यंत अनेक भाषांतील गाणी ऐकवितात. आमच्या आखाजीच्या फळीत सगळ्यांचा स्वर एकच असतो, येथे प्रत्येकीचा वेगळा. आमच्याकडे गाणे एका रेषेत पुढे सरकते, येथे ते एकाच क्षणी वरपासून खालपर्यंत रचलेले असते. म्हणूनच अशा वृंदात गाणारीला घशाच्या आधी कान तयार करावा लागतो, कारण शेजारणीचा स्वर ऐकूनही आपला न सोडणे, आणि आपला धरूनही शेजारणीच्या वरचढ न होणे, यातच त्या विद्येचे सारे मर्म साठविलेले आहे.

या विद्येतील एक युक्ती मला फार मोलाची वाटते. एखादा स्वर एका माणसाच्या दमात मावणार नाही इतका दीर्घ धरावयाचा असला, म्हणजे वृंदातील गायिका एकदम श्वास घेत नाहीत, आळीपाळीने घेतात. एकीचा दम संपत आला की ती हळूच थांबते आणि श्वास भरून तितक्याच हळुवारपणे पुन्हा मिसळते. दरम्यान बाकीच्यांनी स्वर धरून ठेवलेला असतो. श्रोत्याला खंड म्हणून जाणवत नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी भोंडला, गणेशोत्सव आणि मराठी नाटक इतकी वर्षे कसे टिकविले, याचे कोडे मला या युक्तीने उलगडले. एका घरी आजारपण आले, त्या वर्षी दुसऱ्या घराने हत्तीचे चित्र मांडले. एका पिढीचा उत्साह ओसरला, तेव्हा नुकत्याच आलेल्या सुनेने गाण्यांची वही बाहेर काढली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 साली स्थापन झाले, ते आजतागायत चालू आहे. इतका लांब स्वर एका दमात कोणाला धरता आला असता?

गाण्याने मुलूख ओलांडण्याची गोष्ट काही आजची नव्हे. व्हेनिस नगरातील पिएता नावाच्या अनाथालयात अठराव्या शतकाच्या आरंभी अंतोनियो विवाल्दी हा संगीतकार शिकवीत असे, आणि तेथील मुलींचे गायन ऐकण्यासाठी युरोपभरचे प्रवासी त्या शहरी थांबत. परंतु आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा वृत्तान्त लंडनचा आहे. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार 1905 सालापासून सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत संगीताचा शिक्षक होता. त्याला ऋग्वेदाचे विलक्षण आकर्षण वाटले. उपलब्ध भाषांतरांनी त्याचे समाधान झाले नाही, तेव्हा या गृहस्थाने संस्कृतची धुळाक्षरे गिरविण्यास प्रारंभ केला आणि कोशाच्या साहाय्याने सूक्तांची स्वतःची इंग्रजी रूपांतरे सिद्ध करून त्यांना चाली दिल्या. 1908 ते 1912 या काळात त्याने वेदसूक्तांच्या वृंदगीतांचे चार गुच्छ रचले. त्यांतील 1910 चा तिसरा गुच्छ केवळ स्त्रियांचे आवाज आणि हार्प हे तंतुवाद्य यांच्यासाठी आहे. उषेचे सूक्त, जलदेवतांचे सूक्त, वेनाचे सूक्त, आणि शेवटी प्रवाशांचे सूक्त, अशी त्याची योजना आहे. वेदपठणाचा अधिकार स्त्रियांना आहे की नाही, यावर आपल्याकडे शास्त्रार्थ चालू असण्याच्या त्या काळात, दूरच्या धुकट नगरीत उषेच्या स्तवनासाठी मुलींचेच कंठ योग्य, असे एका परकीयाला सहज सुचावे, हा योग विचार करावयास लावणारा खरा. मुलींच्या गायकवृंदांच्या संग्रहात तो गुच्छ आजही आहे.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच मनोरम आहे, कारण वृंदगान ही ज्यांची मूळ विद्या, त्यांच्या दृष्टीने परमुलूख म्हणजे आपला हा पश्चिम किनारा. गोमंतकात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि गायन शिकविण्याचा शिरस्ता पोर्तुगीज अमदानीत पडला. हेतू उपासनेपुरता होता. पण विद्या एकदा मातीत पडली म्हणजे कोणते रोप वर येईल हे पेरणाऱ्याच्या हाती राहत नाही. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या वाड्यांतून मांडो हा कोंकणी गीतप्रकार उदयास आला, ज्यात दोन आवाज एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून जोडीने चालतात, आणि साथीला युरोपचे व्हायोलिन व गावच्या कुंभाराने घडविलेले घुमट शेजारी शेजारी बसतात. तोर्कात द फिगेरेदो यांनी रचलेला निरोपाचा मांडो गोमंतकीय माणूस जेथे गेला तेथे त्याच्याबरोबर गेला. त्याची स्वररचना परकी आहे असे आज कोणा गोवेकराला सांगून पाहावे!

मुंबईची हकीकत याहून अलीकडची. व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 साली आपला गायकवृंद उभा केला. 1967 साली त्यांचे निधन झाल्यावर त्याच वृंदात घडलेल्या कूमी वाडिया यांनी त्याची धुरा उचलली आणि अनेक दशके ती सांभाळली. दिवसभर आपापली नोकरी वा व्यवसाय करून सायंकाळी तालमीला जमणाऱ्या हौशी गायकांच्या बळावर त्यांनी युरोपातील श्रोत्यांपुढे युरोपचेच संगीत सादर करण्याचे धाडस केले, आणि त्याच दौऱ्यांत भारतीय भाषांतील गीतेही चार आवाजांत बांधून तेथे नेली. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांतून दोन दिवस त्यांचे नाव झळकले. आपल्या समाजाचा असा परिपाठच आहे, की जो दर वर्षी नांगर धरतो त्याच्याकडे आपले लक्ष उतारा निघाल्यावर जाते.

स्वतः परंज्योती यांची एक रचना ‘द्रविडियन डिथिरँब’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिला अर्थवाही शब्द नाहीत. केवळ अक्षरांच्या आघातांतून लय उभी राहते, एक आवाज तान घेतो तेव्हा दुसरा ठेका धरतो, आणि पखवाजाचे बोल व गवयाची सरगम यांची आठवण व्हावी असा आभास चार आवाजांच्या मिलाफातून निर्माण होतो. ती स्त्रीपुरुषांच्या मिश्र वृंदासाठी असून अमेरिकेतील महाविद्यालयीन वृंदांनी ती उत्साहाने आपलीशी केली आहे. पाश्चात्यांची विद्या मुंबईत आली, येथे तिने दाक्षिणात्य वळण घेतले, आणि त्या वळणासह ती पुन्हा पाश्चात्यांच्या कंठी गेली. या व्यवहारात सात कोणाच्या नावे लिहावा, हे ठरविणारा तलाठी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

परक्यांची गाणी गाण्याच्या या प्रकारात दोष नाहीत असे नव्हे. एका संध्याकाळी दहा देशांची गाणी म्हणावयाची, तर कित्येकदा प्रत्येक देशाच्या वाट्याला चार मिनिटे आणि एक रंगीत ओढणी एवढेच येते. आपल्या रागाची मींड पाश्चात्य स्वरलिपीच्या पाच रेषांत पुरती उतरत नाही. दोन स्वरांमधील जी वाट आपण चालत जातो, ती त्यांना पायरीने चढावी लागते. उच्चार ऐकून तर क्वचित हसू येते. परंतु मी पाहतो की चांगले वृंद या मर्यादा ओळखून असतात, त्या भाषेच्या माणसाला तालमीस बोलावितात, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद जिभेला कळेपर्यंत घोकतात. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. मालकी दुसऱ्याची, परंतु आपल्यालाही त्या शेतात काही न्याय्य प्रवेश आहे, त्याची नोंद तेथे होते. परक्याचे गाणे इतक्या कष्टाने शिकणारी मुलगी मालकी सांगत नाही; ती त्या रकान्यात आपले नाव लावून घेते.

आमच्या खानदेशाला हा विचार नवीन वाटू नये. अमळनेरच्या शाळेत मुले घडविणाऱ्या साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, ते हेच की एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा प्रेमाने शिकावी आणि तिच्यातील धन आपल्या घरी आणावे. त्याच कुळातल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘भारत दर्शन’सारख्या कार्यक्रमांतून प्रांतोप्रांतीची गीते आणि नृत्ये गावोगावच्या मांडवांत नेली. त्या गावच्या शेतकऱ्याने आसाम पाहिलेले नसे, पंजाब पाहिलेला नसे. पण आपल्याच भागातील पोरे त्या प्रांताचे गाणे गात आहेत, एवढ्याने तो मुलूख त्याच्या मांडवात येऊन बसे. अमेरिकेतील मुलींची ती बस आणि आपल्या कलापथकाची ती धुळीने माखलेली गाडी यांत, अंतराचा हिशेब सोडला, तर मला फारसा फरक दिसत नाही.

आता जमाखर्चाची शेवटची बाब, आणि ती माझ्या खर्चाच्या बाजूची आहे. आमचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. त्यांत अहिराणी, गुजर, भिली, मावची, देहवाली, पावरी, कोकणी इतक्या बोली रोज बोलल्या जातात. परदेशी वृंदाला जे विविध संस्कृतींचे संगीत गोळा करण्यासाठी समुद्र ओलांडावे लागतात, ते येथे एका एस. टी. च्या फेरीत ऐकावयास मिळेल. अक्राणीच्या डोंगरात पीकपाहणीसाठी मुक्काम असताना एका रात्री पलीकडच्या पाड्यावर लग्न होते. बायका एकमेकींच्या कमरेभोवती हात टाकून रांगेत पुढे-मागे होत गात होत्या. दूरवरून ढोल आणि मध्येच पावरी या वाद्याचा घोगरा सूर येत होता. पाड्यावरच्या कोणीतरी मला बोलाविलेही. मी मात्र कंदिलाशी बसून मका, ज्वारी, भगर, तूर यांचे रकाने बिनचूक भरीत राहिलो, कारण सकाळी तहसील कचेरीत तक्ता द्यावयाचा होता. तक्ता वेळेवर गेला. त्या रात्री डोंगरावर जे सर्वांत घवघवीत पीक उभे होते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, आणि इतकी वर्षे या जिल्ह्याचे अन्न खाऊन मला पावरी भाषेतील एक ओळही गाता येत नाही.

म्हणून परदेशस्थ आप्तांचा गौरव करताना माझी मान थोडी खाली आहे. आपण हजारो कोसांवर राहून आपले गाणे उभे ठेविले. मी आठ-दहा कोसांवरचे शेजाऱ्याचे गाणे शिकलो नाही. पुढील वर्षी आपण घरी याल, तेव्हा आपल्या मुलींना भोंडल्याच्या गाण्यांसह तेथील शाळेत शिकलेले एखादे परक्या भाषेचे गाणेही घेऊन येण्यास सांगावे. त्याच अक्राणीच्या धडगावहून शिकावयास आलेल्या काही मुली आमच्या गल्लीत खोली घेऊन राहतात. सायंकाळी गच्चीवर त्या गात असतात. येत्या आखाजीच्या आधी मी त्यांच्याकडे जाऊन एक गाणे शिकवा म्हणून विनंती करणार आहे. या वयात घसा साथ देईल अशी खात्री नाही. पण माझा दम संपेल तेथे त्या धरून ठेवतील.