भिंतीवरचा रिपीट

सुरतेच्या नवागाममध्ये कुणी घराचं काम काढलं आणि रंग द्यावा की वॉलपेपर लावावा असं विचारलं, तर मला आधी विचारणाऱ्याच्या नजरेचा विचार करावासा वाटतो. उधना, लिंबायत, दिंडोली, नवागाम हा सगळा पट्टा खानदेशी माणसांनी गजबजलेला. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या उधना–जळगाव रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं इथं आली आणि यंत्रमागावर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, साड्यांच्या मार्केटात कामाला लागली. एकच फूल हजारो मीटर कापडावर पुन्हा पुन्हा उमटताना ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं, असा माणूस इथल्या पुष्कळ घरांत सापडेल. दुकानदाराने वॉलपेपरचं जाडजूड पुस्तक त्याच्यासमोर उघडलं की त्याचा डोळा फुलावर ठरत नाही. ते फूल पुन्हा कुठे आलं आहे, हे तो आधी शोधतो. वॉलपेपरचा याच्याहून अधिकारी रसिक शोधून सापडणार नाही.

कारण वॉलपेपर ही मुळात रिपीटची कला आहे. कापड छापायच्या रोटरी स्क्रीनचा सर्रास वापरला जाणारा घेर ६४ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर ६४ सेंटिमीटरनंतर नक्षी पुन्हा सुरू होते. वॉलपेपरच्या पुस्तकात प्रत्येक नमुन्याच्या पाठीमागे असाच आकडा छापलेला असतो, ५३ किंवा ६४ वगैरे. साडीवर हा रिपीट निऱ्यांत मोडतो, पदरावर वळतो, अंगाबरोबर हलतो. भिंतीवर तो सपाट आणि स्थिर उभा राहतो, आणि बघणाराही त्याच्यासमोर तासन् तास बसलेला असतो. त्यामुळे जे डिझाइन साडीवर खपून जातं ते भिंतीवर उघडं पडतं. भिंतीवरच्या नक्षीची खरी परीक्षा हीच आहे.

या परीक्षेला उत्तम रीतीने उतरलेलं एक डिझाइन जरा जवळून पाहण्यासारखं आहे. इंग्लंडच्या विल्यम मॉरिसने १८६२ साली वॉलपेपरसाठी पहिलं रेखाटन केलं, ‘ट्रेलिस’ नावाचं. लाकडी पट्ट्यांची चौकटीचौकटींची जाळी, तिच्यावर चढलेला गुलाब आणि मधूनमधून पक्षी. पक्षी त्याच्या वास्तुविशारद मित्राने, फिलिप वेबने, काढून दिले. यातली जाळी फार शहाणपणाने निवडलेली आहे. जाळी म्हटली की चौकटी सारख्याच असणार, तिथं पुनरावृत्तीची चोरी नाही. डोळ्याने ती एकदा मान्य केली की गुलाबाची वेल आपलं काम सुरू करते. ती चौकटीच्या आडून येते, पट्टीवरून पुढे झुकते, वरच्या चौकटीत शिरते. डोळा वेलीच्या मागे मागे वर चढतो आणि रिपीट कुठे संपला ते ध्यानातही येत नाही. सरळ पट्ट्यांची शिस्त आणि वाकड्या वेलीची मोकळीक, दोन्ही एकाच कागदावर एकमेकींना सांभाळून राहतात.

आता आपल्याकडच्या दुकानातली पुस्तकं चाळा. निम्मी पानं विटांची, संगमरवराची, लाकडाची नक्कल करणारी. यांची अडचण अशी की दगडात रिपीट नसतो. संगमरवराची एक करडी शीर तीन जागी तश्शीच वळलेली दिसली की तो दगड राहत नाही, छापील कागद होतो, आणि एकदा दिसलेली शीर मग रोज दिसते. मी निवडायला बसलो तर जे डिझाइन आपली पुनरावृत्ती लपवतं ते बाजूला ठेवीन आणि जे ती उघडपणे मिरवतं ते घेईन: बारीक बुट्टी, उभ्या रेघा, जाळी. बुट्टीची साडी जशी पन्नास वर्षांनीही जुनी वाटत नाही, तशी बुट्टीची भिंतही वाटत नाही.

भिंतींना छापील, चितारलेल्या नक्षीने मढवण्याची हौस युरोपने हिंदुस्थानी कापडावरही भागवून घेतली आहे. सप्टेंबर १६६३ मध्ये लंडनच्या सॅम्युएल पेपिसने बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावायला हिंदुस्थानी चीट विकत घेतली. त्याच्या डायरीत तशी नोंद आहे. शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले त्याच्या चारच महिने आधीची ही गोष्ट. तेव्हा इंग्रजांची पश्चिम किनाऱ्यावरची मुख्य वखार सुरतेतच होती. सुरतेच्या बाजारात वॉलपेपरचं पुस्तक उघडलं जातं तेव्हा ही जुनी देवघेव मला आठवतेच.

कागद लावणाऱ्या कारागिराचं काम उभं राहून बघावं इतकं देखणं असतं. चांगला कारागीर कोपऱ्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी ओळंबा सोडतो, भिंतीवर पेन्सिलीने एक उभी रेघ मारतो आणि पहिला पट्टा त्या रेघेला लावतो, कारण कोपरे क्वचितच ओळंब्यात असतात. जसजसे पैसे आले तसतसे मजले चढवलेल्या घरांत तर नसतातच. साध्या कागदाला मागून खळ लावली की तो ओला होऊन किंचित फुगतो आणि वाळताना आखडतो, म्हणून खळ लावल्यावर त्याची घडी घालून काही मिनिटं मुरू द्यावा लागतो. हल्लीचा नॉन-वोव्हन कागद फुगत नाही, त्याची खळ थेट भिंतीवर लावतात. मग दुसरा पट्टा पहिल्याच्या कडेला कड भिडवून, अर्ध्या पाकळीला अर्धी पाकळी जुळवून, वरून खाली हळूहळू बसवत आणायचा. कड कडेवर चढवायची नाही. जोड जमला तर बोट फिरवूनच कळतो. सबंध पट्टे सरळ उतरले आणि छताची रेघ मात्र तिरकी निघाली, तर वरच्या ओळीतली फुलं एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला अर्धी कापली जातात. भिंत वाकडी आहे हे इतकी वर्षं कुणाला ठाऊक नसतं. कागद ते दाखवून देतो.

हिशेबाचीही एक गंमत इथंच आहे. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फुटांचा. बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच भिंत १२० चौरस फूट भरते. दोन रोलांहून थोडंसंच जास्त लागेल असं वाटतं. पण रुंदीत सात पट्टे बसतात, नक्षी जुळवून एका रोलातून तीनच पट्टे निघतात, म्हणजे तीन रोल लागतात. उरलेलं वाया. याच भिंतीला दोन हात द्यायला लिटरभर इमल्शन पुरतं.

रंगाकडे वळायचं तर मला अजिंठ्याला जावंच लागेल, आणि ते लांबही नाही. नवागाममधल्या ज्यांचं गाव जामनेर-पाचोऱ्याकडचं आहे त्यांना ते शेजारचंच. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत पाहावं. पहिल्या लेण्याचं छत चौकोनी कप्प्यांत विभागलेलं आहे, कप्प्याला कप्पा लागून, थेट छापील कापडाच्या चांदव्यासारखं. पहिल्या नजरेला वाटतं, रिपीटच आहे. मग एका चौकोनात कमळ, दुसऱ्यात फळांचा घोस, तिसऱ्यात कमळांतून धावणारा हत्ती असं दिसत जातं. कमळ पुन्हा येतं, पण तेच कमळ येत नाही. देठ वेगळ्या अंगाने वळलेला असतो, पाकळी कमीजास्त मिटलेली असते. चौकट शिस्तीची आणि आतला हात मोकळा. मॉरिसला जे जाळी आणि वेल यांच्या युक्तीने साधावं लागलं, ते इथं हाताने रंगवणाऱ्याला आपसूक साधलं आहे. छापणारं यंत्र फूल फिरून आणतं, हात ते दर वेळी नव्याने काढतो.

आणि त्या चित्रांखालचं अस्तर. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ लेप आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. दीड हजार वर्षं ती चित्रं तगली ती या थरांच्या जोरावर, आणि जिथं गेली तिथं अस्तर सुटल्यामुळे, ओलीमुळे, किड्यांमुळे गेली. पुट्टी आणि प्रायमरवर पैसे वाचवून वरच्या महागड्या डब्यावर खर्च करणाऱ्यांना मी हे दर वेळी सांगतो.

ओल हा नवागामच्या भिंतीचा खरा प्रश्न. धुळ्याकडे वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारे दुप्पट सुरतेत पडतो, साधारण १२०० मिलिमीटर, शिवाय समुद्र जवळ आणि हवा दमट. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती पाहिलेल्या माणसाला इथली नऊ इंची किंवा साडेचार इंची वीटभिंत पावसाळ्यात पाझरताना दिसते तेव्हा तो हबकतो. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते. चुना किंवा साधा डिस्टेंपर तिला वाट देतो, त्यामुळे लोणा लागला, पोपडा सुटला तर लगेच दिसतो आणि खरवडून पुन्हा हात मारता येतो. विनाइलचा वॉलपेपर वाफ अडवतो. ओल मागे कोंडते, खळीवर बुरशी धरते आणि कागद समोरून हसरा दिसत असताना पाठीमागे काळा पडत जातो. एकोणिसाव्या शतकात युरोपने याची फार वाईट किंमत मोजली. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग तिथल्या कागदांवर सर्रास असे. दमट खोलीत त्या कागदावर बुरशी आली की त्यातून विषारी वायू सुटतो, हे पुढे १८९० च्या दशकात इटलीच्या गोसिओने दाखवून दिलं. आज तो रंग नाही, बुरशी आहेच. दमेकरी माणूस किंवा तान्हं मूल असलेल्या घरात पावसाच्या बाजूच्या भिंतीवर विनाइलचा कागद लावू नये, असं मी ठाम म्हणेन.

पण रंग केवळ टिकतो म्हणून तो मला श्रेष्ठ वाटत नाही. नवागामच्या रो-हाउसमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, उजेड येतो तो पुढून आणि मागून. बाजूच्या लांब भिंतीवर तो तिरका सरपटत जातो. सकाळी दाराशी असलेला पिवळा आतल्या बाजूला जाताना मातकट होतो, मधल्या खोलीत राखाडीकडे झुकतो. एकाच डब्यातला रंग, पण भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एक नसतोच. दुपारी दारातून जाणाऱ्या लाल साडीची झाक क्षणभर त्याच्यावर उतरते. समोरासमोरच्या दोन भिंती एकाच रंगाच्या असल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि अरुंद खोलीत तो कार्डावर दिसला त्याहून गडद होतो, म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी. याच तिरक्या उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. चकचकीत रंग ती अधिकच उठवतो, मॅट रंग पोटात घालतो. नक्षीदार कागद उजेडाचे हे खेळ होऊच देत नाही. त्याचं स्वतःचं बोलणं इतकं मोठं असतं की उजेडाला बोलायला जागा उरत नाही.

दिवसभर छपाईचा रिपीट पाहून घरी आलेल्या माणसाच्या डोळ्यांना, मला वाटतं, उजेडाला बोलू देणारी साध्या रंगाची भिंतच हवी.

एक अडचण मात्र सणाची आहे. खानदेशी घरांत कानबाई देवी श्रावणात येते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. दुसऱ्या दिवशी विसर्जन. तिच्या आधी घर झाडून, सारवून, रंगवून लख्ख व्हायला हवं, भाऊबंद जमणार, रोट होणार. गावाकडे यासाठी पांढरी माती किंवा चुना होता, आणि चुना क्षारधर्मी असल्याने त्याच्यावर बुरशी सहसा धरत नाही. पावसाळ्यात चुन्याचा हात देण्यात ही सोय होती. सुरतेत तोच मुहूर्त पाळून भर श्रावणात ओल्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन चढवतात आणि दिवाळीपर्यंत त्याचे फुगे येतात. मोठं काम दिवाळीनंतर, भिंत पुरती वाळल्यावर काढावं. कानबाईसाठी भिंती पुसून घ्याव्यात आणि ती बसेल तेवढी एक भिंत आतली, कोरडी असेल तर, रंगवावी. देवीच्या मानात यात काही कमी होत नाही.

आणि श्रावणातच महाराष्ट्रातल्या अनेक घरांत भिंतीवर एक कागद चढतो, तो मला सगळ्या वॉलपेपरांहून प्रिय आहे: जिवतीचा. वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मधे लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. हातभरही नसलेल्या कागदात एवढा संसार, आणि कुठेही रिपीट नाही. सबंध भिंत साध्या रंगाची असते म्हणून तो दुरूनही नजरेत भरतो. फुलाफुलांच्या वॉलपेपरवर जिवती लावून पाहा, ती हरवते. कॅलेंडर, लग्नातला फोटो, मुलीला मिळालेलं प्रशस्तिपत्र, सगळ्यांचं तेच होतं. मध्यमवर्गीय मराठी भिंतीवर टांगायला पुष्कळ असतं आणि त्याला मोकळी जागा लागते.

तरीही कागदाची हौस असेल तर ती मारू नये. निजायच्या खोलीत शेजाऱ्याशी सामाईक असलेली, मोरीला न लागलेली एक भिंत निवडावी. कागद नॉन-वोव्हन घ्यावा, नक्षी लहान. सगळ्या रोलांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहावं, कारण दोन बॅचमधला रंगाचा फरक पुस्तकात दिसत नाही, भिंतीवर दिसतो. एक जास्तीचा रोल घेऊन ठेवावा. आणि पैसे चुकते करण्यापूर्वी रात्री ट्यूबलाइट लावून घरातल्या मिलवाल्या माणसाला एकेका जोडावरून हात फिरवू द्यावा. त्याने मान हलवली तर काम चोख झालं म्हणून समजावं.