बचाव कोणी मागितला? : परिस्थितिजन्य पुरावा आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे'

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकावर मराठीत जी समीक्षा झाली, तिचा मोठा भाग लीला बेणारेच्या अखेरच्या स्वगताभोवती फिरतो. हे स्वगत म्हणजे कबुली की आव्हान, ते नाटकाच्या वास्तववादी चौकटीत बसते की ती चौकट मोडते, त्यातील भावोत्कटता नाटकाला तारते की मारते, असे प्रश्न पुन्हापुन्हा उपस्थित झाले आहेत. या साऱ्यांमागे एक गृहीतक आहे आणि ते सहसा तपासले जात नाही. आरोप ठेवला गेला, साक्षी झाल्या, म्हणजे आरोपीने काहीतरी उत्तर देणे क्रमप्राप्तच होते, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखातील प्रश्न त्याच्या आधीचा आहे : पुढे आलेला पुरावा उत्तर मागण्याजोगा तरी होता का?

हा प्रश्न कायद्याला परका नाही. सत्र खटल्यात सरकार पक्षाचा पुरावा संपला, आरोपीला प्रश्न विचारून झाले, की एक टप्पा येतो. आरोपीने गुन्हा केल्याचा पुरावाच नाही असे न्यायाधीशाला दिसले, तर त्याने तेथेच दोषमुक्तीचा आदेश नोंदवायचा असतो. तसे दिसले नाही, तरच आरोपीला बचाव सुरू करण्यास सांगायचे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम २३२ आणि २३३ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २५५ आणि २५६ मध्ये आहे. १८९८ च्या संहितेतही तिचे पूर्वरूप होते. प्रत्यक्ष व्यवहारात या टप्प्याचा उपयोग विरळा होतो आणि खटला बहुधा सवयीने पुढे जातो. तात्त्विक दृष्टीने मात्र त्याचे मोल मोठे आहे. आरोपीचे मौन आणि आरोपीचा दोष यांच्यामध्ये कायद्याने येथे एक उंबरठा घातलेला आहे.

डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार असेल तर हा उंबरठा ओलांडला गेला की नाही हे ठरविणे तुलनेने सोपे. पुरावा परिस्थितिजन्य असला की ते अवघड होते, कारण तेव्हा पुरावा म्हणजे सुटे तपशील आणि ते जोडणारे कथन असे दोन्ही असते, आणि कथन जोडणारा तपशिलांत नसलेले काही आपल्या पदरचे घालीत असतो. १८३८ साली इंग्लंडमध्ये हॉज नावाच्या आरोपीवरील खुनाच्या खटल्यात बॅरन आल्डरसन यांनी ज्यूरीला सावध करताना याच प्रवृत्तीकडे बोट दाखविले होते. परिस्थितीचे तुकडे एकमेकांशी जुळवण्यात मनाला सुख वाटते, आणि अखंड आकृती साधावी म्हणून ते तुकडे थोडे ताणायलाही मन कचरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या हनुमंत नरगुंदकर खटल्यात या इशाऱ्याची आठवण दिली. गंमत अशी, की तो खटला खुनाचा नव्हताच. तो एका कंत्राटासाठी बनावट पत्रे तयार केल्याच्या आरोपाचा होता. पत्रांच्या अर्थनिर्णयनातून निघालेला नियम पुढे फाशीच्या खटल्यांना लागू झाला.

आल्डरसन यांनी ज्याला सुख म्हटले, त्यालाच आपण साहित्यव्यवहारात आकृतिबंधाचा आनंद म्हणतो. सुसंगती, अपरिहार्यता, एकही धागा न सोडणे हे कादंबरीचे गुण मानले जातात. न्यायाधीशाला तेच धोके म्हणून शिकवले जातात. कथनमीमांसेने या विरोधाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भारतीय प्रमाणविचारात या प्रश्नाची चर्चा अधिक काटेकोरपणे झाली आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही तो लठ्ठ आहे, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे : मीमांसकांनी या ज्ञानाला अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी ते अनुमानातच जमा केले. वादाचा तपशील येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ती अर्थापत्तीची अट, अन्यथानुपपत्ती. रात्रीचे जेवण मानल्यावाचून लठ्ठपणाची उपपत्ती लागतच नसेल, तरच ते सिद्ध. लठ्ठपणा सूज असण्याची, म्हणजे आजाराची, शक्यता खुली असेल, तर रात्रीचे जेवण ही केवळ एक बरी गोष्ट राहते. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती फजल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची 'पंचशील' म्हणून गाजलेली पाच तत्त्वे मांडली, त्यांतील एक नेमके हेच सांगते : दोषाखेरीजची प्रत्येक उपपत्ती वगळली गेली पाहिजे. त्याच निकालातील दुसरे सूत्र आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी त्या खोटेपणाने सरकार पक्षाच्या साखळीतील तुटलेली कडी भरून काढता येत नाही. साखळी आधीच पुरी असेल, तर खोटा बचाव ही फार तर एक जादा कडी.

आता बेणारेच्या खटल्याकडे वळू. अभिरूप न्यायालय भरवण्यासाठी मुंबईची हौशी मंडळी एका गावात येतात, वेळ घालवायला बेणारेला आरोपी करतात आणि खेळाचा खटला हळूहळू खराच होऊन बसतो. आरोप भ्रूणहत्येचा आहे. साक्षींतून काय पुढे येते? ती प्राध्यापक दामल्यांच्या खोलीवर दिसली होती. तिच्या पर्समधून ढेकणांच्या औषधाची बाटली पडली. तिने एकाला, मग दुसऱ्याला लग्नाचे विचारले. तिला नोकरीवरून काढण्याचे घाटते आहे. या साऱ्या परिस्थिती एकमेकींशी इतक्या घट्ट जुळतात की प्रेक्षागृहातील माणसालाही, नको असताना, उलगड्याचे ते सुख मिळते. पण ही साखळी कोठे जाते हे थांबून पाहिले पाहिजे. ती जाते बेणारे गरोदर आहे या निष्कर्षाकडे. ज्या गर्भाच्या हत्येचा आरोप आहे तो गर्भ जिवंत आहे, हेच प्रत्येक साक्ष नव्याने सिद्ध करते. पुरावा वाढत जातो तसतसा आरोप खोटा ठरत जातो. आणि न्यायाधीश काशीकर शिक्षा फर्मावतात ती तो गर्भ नष्ट करण्याची, म्हणजे आरोपात असलेल्या कृत्याचीच. समीक्षकांनी ही विसंगती उपरोध म्हणून नोंदवली आहे. माझ्या मते ती उपरोधाहून अधिक आहे, ती नाटकाची रचना आहे. या खटल्यात बचावाचा टप्पा येऊच शकत नव्हता, कारण गुन्ह्याचे अस्तित्वच कोणी दाखविले नव्हते. न्यायाधीश स्वतः साक्षीदार होतो, वादी आणि बचाव या दोन्ही पक्षांचा वकील एकटा सुखात्मे असतो. या गोष्टी विनोदी आहेत, पण खरा भंग उंबरठ्याचा आहे.

या वाचनाने स्वगताचे स्थान बदलते. काशीकर बेणारेला म्हणणे मांडायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत न्यायालयापुढे ती काहीच बोलत नाही. स्वगत घडते ते गोठलेल्या काळात, इतर पात्रे निश्चल असताना. न्यायालयाच्या दप्तरी तिचे मौनच आहे. मग ते शब्द कोणासाठी? आपल्यासाठी, हे उत्तर नेहमीचे आहे आणि बरोबरही आहे. फक्त त्यातील अस्वस्थ करणारा भाग आपण सोडून देतो. दामल्यांशी संबंध कसा आला, मामाचे प्रकरण काय होते, हे सारे जाणून घेण्याची ओढ काशीकरांच्या मंडळीला जितकी होती तितकीच प्रेक्षकाला होती. मूळच्या आराखड्यात हे स्वगत नव्हते, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून ते लिहिले गेले, असे नाट्यवर्तुळात सांगितले जाते. सुलभा देशपांडे यांनी ते ज्या ताकदीने उभे केले ते पाहता आग्रह रंगमंचाच्या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. पण ही आठवण खरी धरली, तर बचावाची मागणी नाटकाच्या बाहेरूनही आली होती असे म्हणावे लागते. आणि स्वगताला 'बेणारेचा बचाव' म्हणणारा समीक्षक ती मागणी रास्त होती असे नकळत मान्य करून बसतो.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. मौनाला असे संरक्षण दिले तर जिथे खरेच कोणी मेले आहे आणि सांगायला कोणी उरलेले नाही, तिथे काय? सारडा खटलाच घ्या. मंजुश्री सारडा हिचे लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये झाले, जूनमध्ये पुण्यात तिचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली तिची पत्रे पुराव्यात आली. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पत्रे तीच. खालच्या न्यायालयांना त्यांत खुनाकडे नेणारा छळ दिसला, वरच्या न्यायालयाला आत्महत्येची शक्यता. स्त्रीचळवळीने हे प्रकरण आपले मानले. नारी समता मंचाचे 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर-प्रदर्शन त्यातूनच उभे राहिले.

माझे मत असे, की न्यायालयाचा नियम योग्य होता आणि वाचन सदोष होते. दुसरी उपपत्ती वगळली गेलेली नाही, एवढे म्हणून थांबता आले असते. त्याऐवजी निकाल पत्रांतून एका अतिसंवेदनशील स्त्रीचे व्यक्तिचित्र उभे करतो. पत्र हे कोणाला तरी उद्देशून असते, बहिणीला लिहिताना माणूस काही दडवतो, मैत्रिणीला लिहिताना काही वाढवतो, हे भान त्या व्यक्तिचित्रात क्षीण होते. आरोपीविरुद्ध कथन रचू नका असे बजावणारा निकाल मृत स्त्रीविषयी मात्र कथन रचून जातो. पुढे कायदाच हलला. १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले आणि त्यासोबत गृहीतकही. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात, घराच्या चार भिंतींत झालेल्या मृत्यूचे स्पष्टीकरण घरातल्यांनी द्यायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हा आमच्या प्रतिपादनाला अपवाद वाटेल. तो तसा नाही. येथेही सरकार पक्षाने आधी पाया घालावा लागतो, स्पष्टीकरणाची मागणी त्यानंतरची. काशीकरांच्या न्यायालयात पाया नाही आणि मागणी आहे.

राहिला सामंत. नाटकातील हा एकमेव गावकरी. गावाचे नाव तेंडुलकरांनी दिलेले नाही. गाडीने उतरून पायी जाण्याजोगे म्हटले तर ठाणे जिल्ह्यातील वाचकाला आसनगाव स्थानक आणि शहापूर आठवावे. मुरबाडला रेल्वे नाही. सामंत साधा आहे, पाहुण्यांच्या मदतीला आलेला आहे, आणि त्याला साक्षीदार केले जाते तेव्हा तो हातातल्या कादंबरीतून प्रसंग उचलून साक्ष देतो. पुराव्यातील सर्वांत नाट्यमय कडी अशी शब्दशः वाङ्मयीन आहे. यावर आपण हसतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतला सामंत खऱ्या खटल्यात पंच म्हणून शिरतो. एकीकडे नाशिकचा महामार्ग आणि कसारा घाट, दुसरीकडे माळशेजचा रस्ता, मध्ये धरणे आणि जंगल. अशा मुलखात खुनाला डोळ्यांनी पाहणारा क्वचितच मिळतो. उरतात शेवटी कोणाबरोबर दिसला, वैर काय होते आणि आरोपीने काढून दिलेला कोयता. ही शेवटची कडी उभी राहते पंचनाम्यावर, आणि पंचनामा हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र, समीक्षेने कधी हात न लावलेला प्रकार आहे. त्याचा निवेदक 'आम्ही पंच' असा बहुवचनी, पण शब्द हवालदाराचे. त्याची वाक्ये साच्यातली, दिशा आणि अंतरे काटेकोर, माणसे मात्र पुसट. आरोपी त्यात 'राजीखुशीने' निवेदन करतो. तो कातकरी किंवा ठाकूर असेल तर ज्या बोलीत तो घरी बोलतो तिचा एक शब्दही त्या निवेदनात सापडणार नाही. कायदा सांगतो की पोलिसांपुढच्या या निवेदनातला वस्तू सापडण्यापुरताच भाग ग्राह्य. पण तेवढा भाग वेगळा काढायचा कसा, हा प्रश्न संहितेच्या वाचनाचा आहे, केवळ कायद्याचा नाही.

खुनाचा खटला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यापुढे चालत नाही, तो सत्र न्यायालयाकडे जातो. १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, तरी ती मराठी त्या आरोपीची नव्हे. पुरावा संपल्यावर प्रत्येक परिस्थिती त्याच्यापुढे प्रश्नरूपाने ठेवली जाते, आणि जी ठेवली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालाने पक्के केले. उत्तरादाखल नोंदीत बहुधा 'खोटे आहे' आणि 'माहीत नाही' एवढेच दोन शब्दप्रयोग आलटून पालटून येतात. बेणारेप्रमाणे त्याला काळ गोठवून मिळत नाही. पंचाला साक्षीला बोलावले की तो पुष्कळदा फितूर होतो. कागद आधीच लिहिलेला होता, मी फक्त सही केली, असे तो सांगतो. सरकारी वकील त्याला खोटा साक्षीदार ठरवण्यासाठी उलटतपासणीची परवानगी मागतात. त्याचे हे म्हणणे आणि सामंताच्या हातातली कादंबरी शेजारी ठेवून वाचली, तर सामंतावर हसणे थोडे अवघड जाते.