सोंगाचा आडोसा : सहभागी रंगभूमी आणि किशोरमन

ऑगस्तो बोआल यांच्या 'फोरम थिएटर'च्या मुळाशी एक गृहीत आहे : प्रेक्षक निष्क्रिय असतो आणि त्याला कर्ता बनविणे हे रंगभूमीचे कार्य होय. किशोरवयीनांच्या मानसिक ताणांसाठी ही पद्धती जुन्नर-आंबेगावसारख्या परिसरात योजावयाची झाल्यास प्रथम हेच गृहीत तपासावे लागते.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र. यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गावोगावची मंडळी येथील राहुट्यांत येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) ज्या प्रेक्षकासमोर उभ्या राहिल्या, तो कधीच मुका नव्हता. बतावणीतला सोंगाड्या त्याचा शेरा झेलतो आणि परतवतो. बोआल यांचा 'जोकर'ही रंगमंच आणि प्रेक्षक यांच्या सीमेवरच उभा असतो. मात्र तमाशातील प्रेक्षकाचा हस्तक्षेप ही मागणी असते. तिने वगातील पात्राचे प्राक्तन बदलत नाही. फोरममध्ये प्रसंग पुन्हा खेळला जातो, प्रेक्षक तो थांबवितो, पीडित पात्राची जागा घेतो आणि निराळी वाट चाचपून पाहतो. येथे हस्तक्षेपाबरोबर जबाबदारी येते.

१९८०च्या दशकारंभी पॅरिसमध्ये बोआल यांनी 'डोक्यातला पोलीस' ही संकल्पना विकसित केली. बाहेर दमनकर्ता दिसत नसतानाही माणसे आतून जखडलेली असतात, हे त्यांना तेथे जाणवले. दहावी-बारावीच्या निकालाचे भय, घरच्यांनी चालविलेली लग्नाची घाई, कोणापाशी उच्चारता न येणारे नैराश्य ही या आतल्या पोलिसाचीच रूपे. परंतु महानगरातील कार्यशाळेत परस्परांना अपरिचित माणसे एकत्र येऊ शकतात. गावात प्रेक्षकांत चुलता असतो, शिक्षक असतात, भावकी असते. तेथे मुलीने स्वतःची कथा सांगितली, तर ती तिच्याआधी घरी पोहोचते.

म्हणूनच या प्रयोगांच्या मूल्यमापनात साठोत्तरी समीक्षेचा लाडका निकष, 'अनुभवाची प्रामाणिकता', जसाच्या तसा लावणे घातक ठरेल. येथे कबुलीजबाबापेक्षा सोंग अधिक सत्य बोलू शकते. 'हे माझे नव्हे, त्या पात्राचे' असे म्हणण्याची मुभा असेल, तरच किशोर पुढे येईल. कल्पित पात्र हा पलायनाचा मार्ग नसून उच्चाराची पूर्वअट आहे. 'सोंग' या शब्दाला व्यवहारात चिकटलेला खोटेपणाचा अर्थ बाजूस सारून लोकरंगभूमीतील त्याचा अर्थ समीक्षेने पुन्हा स्वीकारावयास हवा.

अर्थात हा आडोसा निर्धोक नाही. तमाशातील हशा अनेकदा दुबळ्यावर, बायकी चालीच्या पुरुषावर वा 'वेड्या'वर उसळतो. तोच हशा फोरममध्ये शिरला, तर पीडित पात्राच्या जागी उभा राहिलेला मुलगा दुसऱ्यांदा घायाळ होईल. सोंगाड्या हशा मिळवितो. जोकरला तो वेळीच थांबवून 'आपण कशाला हसलो?' असे विचारावे लागते. शिवाय प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. खेळ संपल्यावर ज्याच्याशी एकांतात बोलता येईल असा जाणकार समुपदेशक जवळ असणे अनिवार्य आहे.

प्रबोधनपर पथनाट्य बहुधा उपदेशाने संपते. सहभागी प्रयोगाने तो मोह टाळावयास हवा. त्याचे यश मिळालेल्या उत्तरात नसते. एकच वाट उरली आहे असे मानणाऱ्या मुलासमोर त्याच्याच गावातल्या माणसांनी दुसरी आणि तिसरी वाट चालून दाखविली की नाही, यावर ते अवलंबून असते.